बाटलीतली चिठ्ठी

कोणत्या गाण्याने माणसाला कशाची आठवण व्हावी, याला काही धरबंध नाही. माझ्या एका आतेबहिणीला नाट्यगीत कानांवर पडले की साबुदाण्याची खिचडी आठवते. कारण त्यांच्या घरी रेडिओ स्वयंपाकघरात फळीवर असे. आमच्या शेजारच्या काकूंना एक अत्यंत विरहव्याकुळ भावगीत ऐकले की हसू येते. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि विचारण्याचे धाडस मला झाले नाही. माझी गोष्ट यांहूनही चमत्कारिक आहे. इंग्लंडातल्या तिघा पोरांनी वाजवलेली एक तबकडी कुठे ऐकू आली की मला दुधाची रिकामी बाटली आठवते, रातकिडे आठवतात, आणि आरे कॉलनीच्या अंधाऱ्या रस्त्यावर पुढे पुढे जाणारा एका बॅटरीचा उजेड आठवतो. त्या गाण्यात यांतले काहीही नाही. त्यात एक माणूस चंद्रावर चालतो आहे, एवढेच.

मला विलायती संगीतातले काही कळते असा कृपा करून समज करून घेऊ नका. जे काही कळते ते माझ्या दादाच्या कृपेने. आणि तेही बरेचसे दाराच्या फटीतून.

आम्ही राहत होतो आरे कॉलनीत. आईला तिथल्या कचेरीत कारकुनाची नोकरी होती आणि तिच्या नावावर दोन खोल्यांचे क्वार्टर होते. मुंबईच्या गल्लीबोळांतले म्हशींचे गोठे शहराबाहेर न्यावेत आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, म्हणून दारा खुरोडी यांच्या खटपटीतून ही वसाहत उभी राहिली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पुढे १९६३ मध्ये खुरोडींना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्या बरोबरीने मॅगसेसे पारितोषिक मिळाले. रविवारी मुंबईची मंडळी डबे घेऊन छोट्या काश्मिरात सहलीला येत आणि 'काय भाग्यवान हो तुम्ही, रोज इथे राहता!' असे म्हणत. संध्याकाळी ती परत गेली की टेकड्या, गवत, म्हशी आणि आम्ही एवढेच उरत असू. ज्या गावात म्हशींचे तबेले माणसांच्या घरांपेक्षा मोठे, त्या गावात आम्ही दूध मात्र बाटलीतूनच आणीत असू, याचे पाहुण्यांना मोठे नवल वाटे.

त्या बाटल्या तरुण वाचकांनी पाहिलेल्या नसतील. जाड काचेची, अर्ध्या लिटरची, रुंद तोंडाची बाटली. वर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे झाकण. सकाळी रिकाम्या बाटल्या केंद्रावर द्यायच्या आणि भरलेल्या घेऊन यायच्या. आम्ही मुले ती झाकणे धुऊन, सरळ करून, दोऱ्यात ओवून दिवाळीला दारावर तोरण लावीत असू. पणतीच्या उजेडात ते असे काही चमके की विकतचे तोरण त्यापुढे फिके पडावे. बाटल्यांचे काम दादाचे होते. झाकणांचे माझे.

बाबा गोरेगावपलीकडच्या एका कारखान्यात होते. तिथे पत्रा ठोकून आकार देण्याची यंत्रे होती आणि बाबा त्या यंत्रांपाशी पाळीपाळीने दिवस किंवा रात्र काढीत. आमच्यापैकी कोणीही तो कारखाना पाहिला नव्हता. बाबा घरी येत ते गप्प येत, चहा गप्प पीत आणि 'आवाज कमी करा' एवढेच म्हणत. दादाचे मत असे की बाबांना संगीताचा तिटकारा आहे. आईचे मत असे की बायकोच्या क्वार्टरमध्ये राहावे लागते म्हणून त्यांचा स्वभाव असा झाला. माझे तेव्हा काही मत नव्हते. मी पाचवीत होते.

एके दिवशी मात्र मला एक मत लाभले. १९७९ सालचा पावसाळा सरत आला होता. पावसाळ्यात आरे कॉलनीत संध्याकाळ झाली की रातकिडे असा काही गलका करीत की शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येऊ नये. त्या गलक्यात ओट्यावर बसलेले बाबा मला म्हणाले, "काय गं, हल्ली रातकिडे कमी झाले का?"

मला वाटले, बाबा थट्टा करताहेत. बाबा थट्टा करीत नसत, ही गोष्ट मला जरा उशिरा आठवली.

त्यानंतर मी त्यांच्यावर पाळत ठेवली. आई 'सात वाजले' म्हणाली तर ते 'आठ?' असे विचारीत. रेडिओवर 'आपली आवड' लागली की ते आमच्या मर्फीच्या रेडिओला अगदी खेटून बसत आणि त्याच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवीत. मला वाटे, रेडिओ तापला आहे का ते पाहतात. एकदा आई घरात नव्हती तेव्हा त्यांनी मला हळूच विचारले, "कोण गातंय?" मी नाव सांगितले. ते म्हणाले, "हं. तबला जातो निघून. डग्गा राहतो." आणि मग, कोणाला तरी सांगणे भागच होते म्हणून की काय, त्यांनी ते पाचवीतल्या मुलीला सांगितले.

ते एका डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरांनी कागदावर कानाचे चित्र काढून दाखवले होते. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या बारीक पेशी असतात. वर्षानुवर्षे मोठा आवाज सोसला की त्या मरतात, आणि डोक्यावरचे केस एक वेळ पुन्हा येतील, पण या पेशी पुन्हा येत नाहीत. आधी जातात त्या उंच, पातळ स्वर टिपणाऱ्या. म्हणून रातकिडे जातात, तंबोऱ्याची झार जाते, 'स', 'श', 'त' ही अक्षरे पुसट होतात आणि सगळे जग पुटपुटते आहे असे वाटू लागते. खर्जातले शेवटपर्यंत टिकते. "म्हैस ओरडलेली अगदी छान ऐकू येते," बाबा म्हणाले. तो त्यांनी माझ्यासमोर केलेला पहिला विनोद.

मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतले. ही गोष्ट आईला कळता कामा नये आणि दादाला तर नाहीच. कारखान्यात कळले तर यंत्रावरून काढतील, रात्रपाळीचा भत्ता जाईल आणि दादाचे कॉलेज अडेल. मी वचन दिले. अकरा वर्षांच्या मुलीला गुपित मिळाले की ती एका रात्रीत मोठी होते. पण गुपित जड असते, हे तिला दुसऱ्या दिवशी कळते.

आता दादाकडे वळू. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा, बी.एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्या टेबलावर रसायनशास्त्राच्या पुस्तकाखाली एक शंभर पानी वही असे आणि तिच्यात तो आठवड्याच्या आठवड्याला विलायतेतल्या गाण्यांचे क्रमांक उतरवून ठेवी. बीबीसीच्या परदेश सेवेवर, लघुलहरींच्या खरखरीतून, जे ऐकू येईल ते. त्यात तिकडच्या राजाराणीचे नाव जितक्या आदराने घ्यावे तितक्या आदराने तो 'नंबर वन' हा शब्द उच्चारी. आईने एकदा ती वही उघडून पाहिली आणि तिला वाटले, पोरगा शर्यतीच्या घोड्यांच्या नादी लागला.

या क्रमांकांच्या वेडाला आपणही काही नावे ठेवायला नकोत. १४ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने वीसेक दुकानांना टेलिफोन करून, कोणत्या तबकड्या किती खपल्या हे विचारून, पहिली बारा क्रमांकांची यादी छापली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इकडे रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. तिकडे 'नंबर', इकडे 'पायदान', एवढाच फरक. बुधवारी रात्री आठ वाजता सरताज गीत कोणते म्हणून श्वास रोखून बसणारे आपण, आणि मंगळवारी दुपारी शाळेच्या आवारात रेडिओला कान लावून बसणारी इंग्रज पोरे, यांची जात एकच.

दादाने वही लिहायला घेतली तो काळ तिकडच्या संगीतात मोठ्या उलथापालथीचा होता. १९७६-७७ च्या सुमारास काही फाटक्या कपड्यांतल्या पोरांनी ठरवले की वीस वीस मिनिटांची, शंभर वाद्यांची गाणी पुरे झाली. तीन सूर येत असतील तर तीन सुरांवर गाणे करावे आणि तीन मिनिटांत संपवावे. त्यांच्या आरडाओरड्यातून जे जरा शहाणे, जरा सुरेल निघाले त्याला 'न्यू वेव्ह', म्हणजे नवी लाट, असे नाव पडले. या लाटेचे खरे वाहन म्हणजे सिंगल: सात इंचांची लहानशी तबकडी, मिनिटाला पंचेचाळीस फेरे, एका बाजूला एक गाणे आणि पाठीला दुसरे. इअन ड्यूरी नावाचा, लहानपणी पोलिओ झालेला माणूस १९७९ च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर होता. त्याच वर्षी गॅरी न्यूमनने यंत्राच्या सुरांवर यंत्रासारखाच चेहरा करून दोनदा पहिला क्रमांक घेतला. कॉव्हेंट्रीच्या 'स्पेशल्स' या वृंदात गोरे आणि काळे एकत्र वाजवीत. १९८१ च्या जुलैत, इंग्लंडच्या शहरांत दंगली पेटलेल्या असताना, ओस पडलेल्या गावाचे त्यांचे गाणे पहिले होते. हे सगळे मला वहीतून पाठ झाले. माझ्या वर्गातल्या मुली नद्यांची उगमस्थाने पाठ करीत होत्या.

या साऱ्यांत दादाचा जीव जडला होता तो 'पोलीस' नावाच्या तिघांवर. नाव ऐकून आई घाबरली. त्यांचा गाणारा, स्टिंग, पूर्वी शाळामास्तर होता, ही बातमी मी घरात फोडली तेव्हा तिला जरा धीर आला. "मास्तरकी सोडून हे कशाला?" एवढेच ती म्हणाली. १९७९ च्या सप्टेंबरात त्यांचे 'मेसेज इन अ बॉटल' पहिल्या क्रमांकावर आले. बेटावर अडकलेला एक माणूस बाटलीत निरोप घालून ती समुद्रात सोडतो, आणि शेवटी पाहतो तो किनाऱ्यावर तशाच असंख्य बाटल्या लागलेल्या. आपण एकटे असे वाटणारे आपण एकटेच नसतो, असा त्याचा मथितार्थ. डिसेंबरात त्यांचेच 'वॉकिंग ऑन द मून' पहिले आले, आणि नव्या वर्षात त्याची तबकडी आमच्या घरात आली. दादाच्या मित्राचा चुलतभाऊ लंडनहून सुटीवर आला होता, त्याच्याकडून. मित्राने एच.एम.व्ही.चा फिएस्टा हा लहानसा ग्रामोफोनही परीक्षा होईपर्यंत 'अभ्यासासाठी' दिला.

दादाने पहिल्यांदा ती तबकडी लावली तेव्हा बाबा रात्रपाळी करून झोपले होते. मला वाटले, आता वादळ होणार. बाबा उठून आले, दारात उभे राहिले, आणि काहीच बोलले नाहीत. त्या गाण्यात प्रथम खालच्या पट्टीतली गिटार येते. मोजके तीन सूर, मग विसावा. पुन्हा तीन सूर, पुन्हा विसावा. बाकी सगळे त्या विसाव्यात तरंगते. जमैका बेटावरच्या रेगे संगीताची ती चाल. मृदंगाच्या थापेसारखा तो खर्ज जमिनीतून येई आणि आमच्या पत्र्याच्या डब्यांची झाकणे थरथरत. मी बाबांच्या पायांकडे पाहिले. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता.

दादाने पाहिला तो बाबांचा चेहरा, आणि घाईने तबकडी बंद केली.

त्यानंतर दादा घरात नसला की बाबा म्हणत, "ती चंद्राची लाव गं." मी लावीत असे. ते ग्रामोफोनच्या पेटीवर हात ठेवून डोळे मिटून बसत. ज्या माणसाच्या कानातून नाट्यगीते एकामागून एक निघून गेली, त्याला ऐकू येत होते ते न्यूकॅसलच्या एका मास्तराचे खर्जातले तीन सूर. हे मी दादाला सांगितले असते तर केवढा आनंद झाला असता त्याला! पण 'बाबांना हे का आवडते' असे त्याने विचारले असते, आणि वचन मोडले असते.

आणि मग एक नवल घडले. ते तिघे मुंबईला आले. 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब' या संस्थेने धर्मादाय कार्यासाठी त्यांचा कार्यक्रम ठेवला, २६ मार्च १९८० रोजी. तिकडे पहिल्या क्रमांकावर असलेला वृंद इकडे येऊन गातो, असे त्या काळी क्वचितच घडे. दादाने तिकीट कसे मिळवले ते त्याने सांगितले नाही. त्याची रसायनशास्त्राची दोन पुस्तके त्यानंतर दिसली नाहीत. घरी त्याने सांगितले की मित्राकडे अभ्यासाला जातो, दहापर्यंत येतो.

दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता आईचा धीर सुटला. आरे कॉलनीत रात्री बिबट्या फिरतो हे रविवारच्या पाहुण्यांना सांगायला गंमतीचे वाटते. पोरगा घराबाहेर असला की वाटत नाही. बाबा बॅटरी घेऊन निघाले. गोरेगावच्या नाक्यापर्यंत गेले, थोडा वेळ थांबले आणि परतले. दादा शेवटच्या गाडीने उतरून चालत येत होता. त्याला पुढे बॅटरीचा उजेड दिसला, चाल ओळखीची वाटली, आणि त्याने हाक मारली. उजेड पुढे जातच राहिला. त्याने जवळ येत येत चार हाका मारल्या. बाबांनी वळून पाहिले नाही. दादाने मग चालणे हळू केले आणि शंभर पावलांचे अंतर राखून तो घरापर्यंत आला.

मी जागीच होते. आधी बाबा आत आले, मागून दादा. बाबांनी त्याला पाहिले, "आलास," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दादा काही बोलला नाही.

तो साडेतीन महिने बोलला नाही. "चार हाका मारल्या मी," तो मला म्हणाला, "कुत्र्यानेसुद्धा वळून पाहिलं असतं." बाबांना वाटले, पोरगा खोटे बोलून गेला आणि वर तोंड फिरवून बसला. घरात मग सगळा कारभार माझ्यामार्फत सुरू झाला. "बाबांना सांग, फी भरायची आहे." "त्याला सांग, खुंटीवर पैसे आहेत." दोघे एकाच खोलीत बसून मला निरोप सांगत आणि मी तो चार हातांवर नेऊन पोचवी. परीक्षा झाली आणि ग्रामोफोन मित्राकडे परत गेला. तबकडी राहिली, पण ती वाजवायची कशावर? चंद्रही गेला.

मला खरे कारण माहीत होते. वचन मोडावे तर बाबांची नोकरी. पाळावे तर हे. असल्या पेचातून धर्मराजालाही नीट बाहेर पडता आले नव्हते. मी तर नुकती सहावीत गेले होते. शेवटी मला वाटले, वचन 'सांगणार नाही' असे होते. 'लिहिणार नाही' असे नव्हते.

जुलैच्या एका पावसाळी पहाटे मी वहीचा चतकोर कागद घेतला आणि लिहिले: 'दादा, बाबांना ऐकू येत नाही. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. कोणाला सांगू नकोस.' कागद गुंडाळला आणि दुधाच्या रिकाम्या बाटलीत टाकला. गाण्यात तसे केल्याने काम झाले होते.

गाण्यात आणि आरे कॉलनीत फरक असतो. दादा डोळे चोळत उठला, बाटल्या पिशवीत घातल्या आणि छत्री घेऊन निघून गेला. त्याने बाटलीत पाहिलेच नाही. केंद्रावरच्या ताईंनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, बोट घालून कागद काढला, आणि एखाद्या घरातून जास्त दुधाची मागणी आली असेल अशा समजुतीने तो रांगेसमोर मोठ्याने वाचला.

रांगेत वीसेक माणसे होती. त्यांत बाबांच्या खात्यात काम करणारे आमचे एक शेजारी होते.

दादा दूध घेऊन घरी आला तेव्हा छत्री मिटायची विसरून तसाच आत शिरला. बाबा दाढी करीत होते. तो त्यांच्या समोर, आरशाच्या आणि त्यांच्या मधोमध उभा राहिला आणि तोंड मोठे उघडून, एकेक अक्षर सुटे करून म्हणाला, "बाबा, चहा घेणार?" साडेतीन महिन्यांनंतरचे ते पहिले वाक्य. बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझ्याकडे पाहिलेले मी अजून विसरलेले नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. कारखान्यात बातमी गेलीच. बाबांना काढले नाही, पण यंत्रावरून हलवून सामानाच्या कोठारात बसवले. रात्रपाळीचा भत्ता गेला. त्या वर्षी दिवाळीला कपडे झाले नाहीत. दादाने सकाळ-संध्याकाळ शिकवण्या धरल्या, वही बंद झाली, आणि बी.एस्‌सी.नंतर पुढे शिकायचे त्याच्या मनात होते ते मनातच राहिले. तो नोकरीला लागला. आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी बाबांचे गुपित फोडले याचा तिला राग नव्हता, बाबांनी ते तिला सोडून मला सांगितले याचा होता. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाटलीत कशाला टाकलीस? पोस्टात टाकायचीस."

पण घरात बोलणे सुरू झाले, हे खरे. दादा बाबांशी समोर बसून, ओठ दिसतील असा बोलू लागला. सप्टेंबरात गणपती आले तेव्हा मांडवामांडवांतून 'कुर्बानी'तले नाझिया हसनचे गाणे वाजत होते. बाबा मांडवाच्या खांबाला हात लावून म्हणाले, "हे छान आहे. हे येतं." दादाने त्यांना समजावले: हे गाणे केले आहे बिड्डूने, बंगलोरचा पोरगा, लंडनला गेला आणि १९७४ मध्ये त्याने केलेले 'कुंग फू फायटिंग' तिकडे पहिल्या क्रमांकावर आले. पुढे 'डिस्को डान्सर' आला तेव्हा त्यातल्या एका गाण्याने दादा खुर्चीतून उठलाच. 'बगल्स'चे १९७९ सालचे पहिल्या क्रमांकाचे गाणे बप्पीदांनी कसे आपलेसे केले आहे ते तो बाबांना मांडीवर ताल धरून दाखवीत होता. विलायतेची ती नवी लाट आमच्या घरात अशी आली, गणपतीच्या कर्ण्यांतून आणि बाबांच्या तळहातांतून. दादाचा पहिला पगार झाला तेव्हा त्याने ग्रामोफोन आणला आणि चंद्राची तबकडी पुन्हा फिरू लागली. अगदी झिजेपर्यंत फिरली.

इथे गोष्ट संपवावी असे मला फार वाटते. आजवर मी ती सांगितली ती इथेच संपवून.

बाबा २००७ साली गेले. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी त्यांच्यापाशी बसले होते. कानात यंत्र होते, पण ते त्यांना आवडत नसे. बाहेर रातकिड्यांचा गलका चालला होता. का कोण जाणे, मी त्या रात्रीचा विषय काढला. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहिल्या तीन नाही आल्या. चौथी आली होती."

मला आधी कळलेच नाही.

"चौथी हाक," ते म्हणाले. "पोरगा जिवंत आहे हे कळलं. पाय लटपटले माझे. थांबलो. आणि मग असा राग आला... म्हटलं, येऊ दे मागून. वळलो नाही."

म्हणजे माझ्या चिठ्ठीतले पहिले वाक्य खरे होते आणि दुसरे खोटे. बाबा रागावले होते. साऱ्या रांगेसमोर वाचले गेलेले, घरावर एवढे सगळे ओढवून आणणारे ते वाक्य मी एका बापाला न विचारता त्याच्या नावावर लिहून टाकले होते. आणि बाबांनी ते सत्तावीस वर्षे तसेच राहू दिले, कारण त्या वाक्यामुळे पोरगा चहा विचारायला आला होता.

हे मी दादाला अजून सांगितलेले नाही. त्यालाही कदाचित ठाऊक असेल. चौथ्या हाकेला पुढचा उजेड क्षणभर थबकलेला त्याने पाहिला असेलच. त्याने ते मला कधी सांगितले नाही. आम्ही तिघांनी तीन बाटल्या तीन खिशांत ठेवल्या, असे काहीसे.

आता आरे कॉलनीत पूर्वीसारखे काही नाही. दुधाच्या बाटल्या केव्हाच गेल्या. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली गेली तेव्हा दादा आणि मी नाक्यापर्यंत जाऊन उभे राहिलो होतो. २०२४ पासून तिथल्या स्थानकातून मेट्रो धावू लागली. पण आत, जिथे अजून झाडी आहे, तिथे पावसाळ्यात रातकिडे ओरडतात. गेल्या वर्षी आम्ही दोघे तिथून चालत होतो. दादा आता पासष्टीला आला आहे. चालता चालता तो थांबला आणि म्हणाला, "हल्ली कमी झालेत, नाही?"

मी त्याच्या पुढे होते. मागे वळले, त्याला माझे ओठ दिसतील अशी उभी राहिले आणि म्हणाले, "हो. जरा कमीच झालेत."

हा अंक दादा दर दिवाळीला घेतो. आधी व्यंगचित्रे पाहतो, मग राशिभविष्य, मग कथा. या पानापर्यंत यायला त्याला भाऊबीज उजाडेल. तेव्हा मी त्याच्याकडेच असेन, ओवाळणीचे ताट घेऊन. दादा, यंदाची चिठ्ठी ही अशी टाकली आहे. रांगेसमोर वाचली जाणारच आहे, ते मला ठाऊक आहे.